हा घास मेजरचा

गुरुवार, १८ नोव्हेंबर १९४३

ही वही डॉक्टरांच्या हुकुमाने सुरू केली आहे. ते म्हणाले, मुलीच्या पोटात रोज काय जातं ते लिहून ठेवा, तुमच्या तोंडी सांगण्यावर माझा भरवसा नाही. विनूचा विषमज्वर दिवाळीआधी उतरला, पण खाणं काही सुधारत नाही. पाच वर्षांची पोर, उचलली तर रिकामी पिशवी उचलल्यासारखं वाटतं. डोक्यावरचे केस गेले, उजवा पाय ओढत चालते. डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं, "औषध संपलं. आता अन्न हेच औषध. ते गेलं नाही तर पुढचं मला विचारू नका."

तर आजचं. सकाळी दूध, दोन घोट. दुपारी वरणभात, तोही कुंदाच्या डोळ्यांत पाणी आल्यावर चार शितं. संध्याकाळी मात्र नवल झालं.

कुंदा तिला मागच्या ओट्यावर घेऊन बसली होती. आमचं क्वार्टर रांगेतलं शेवटचं. लढाईमुळे कारखाना वाढला, आणि आम्हा नव्या लोकांना थेट जंगलाच्या उंबऱ्यावर आणून बसवलं. मागे तारेचं कुंपण, मग घाणेरीची झाडी, मग नाला, मग नुसते पळस. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' चाललं होतं आणि विनूचे ओठ शिवल्यासारखे बंद. तेवढ्यात झाडीतून एक कुत्रा बाहेर येऊन उभा राहिला. करडा, उंच पायांचा, अंगाने रोड. विनू त्याच्याकडे बघत म्हणाली, "आई, त्याचा घास?"

कुंदाने पोळीचा तुकडा फेकला. "हा घास भूभूचा." त्याने तो उचलला आणि विनूने तोंड उघडलं. त्याला एक, हिला एक, असं करत पोरीने अर्धी पोळी खाल्ली!

कुंदा म्हणते, गुरुवारी आला, म्हणजे दत्तगुरूंचा कुत्रा. मी म्हटलं, दत्ताचा असो नाहीतर दारोग्याचा, रोज येऊ दे.


रविवार, २१ नोव्हेंबर

तो रोज येतो. उन्हं उतरली की हजर. विनूची आज पाऊण पोळी आणि वाटीभर दूध.

कुंदाचा भाऊ अच्युत गावातल्या दीक्षितपुऱ्याहून सायकल मारत आला होता. शाळेत मास्तर आहे, त्यामुळे सगळ्याच विषयांत त्याला मत असतं. ओट्यावरून कुत्र्याला पाहून चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "भाऊजी, हा तर मला लांडगा दिसून राहिला."

"लांडगा आला रे आला!" मी ओरडलो. विनू खदखदून हसली. ताप आल्यापासून पहिल्यांदा.

"थट्टा नाही करत मी. शेपूट बघा नं त्याची."

मी त्याला समजावून सांगितलं. दिवसभर भिंगाखाली काडतुसांच्या टोप्या तपासतो मी. केसाएवढी चीर असलेली टोपी माझ्या हातून पुढे जात नाही. मला कुत्रा ओळखता येणार नाही? हा अल्सेशियन आहे. छावणीत साहेब लोकांकडे पाहिले आहेत मी. साहेब ब्रह्मदेशच्या आघाडीवर निघाला की कुत्र्याला गोळी घालतो किंवा सोडून देतो. हा त्यातलाच बिचारा. एवढा देखणा कुत्रा मेजरच्या खालच्या हुद्द्याच्या माणसाकडे नसणार, म्हणून त्याचं नाव मी मेजर ठेवलं. अच्युत म्हणाला, चलो, तुमची मर्जी. पण अंधार पडायच्या आत निघून गेला.


शुक्रवार, २६ नोव्हेंबर

विनू: सकाळी शिरा, दुपारी वरणभात नीट, संध्याकाळी पोळी एक पूर्ण. आता 'चिऊचा, काऊचा' बंद. 'हा घास मेजरचा, हा घास विनूचा,' एवढंच.

मेजर भुंकत नाही. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. शेपूटही हलवत नाही, ती आपली खाली लोंबलेली. आपल्या गल्लीतली कुत्री पोळीच्या तुकड्यासाठी लोळण घेतात, पायात पायात येतात. हा घास उचलतो, दोन पावलं मागे सरतो आणि पुन्हा बघत उभा. काय ती शिस्त!

एक गोष्ट कुंदाला सांगितलेली नाही. विलायती कुत्रा पोळीवर किती दिवस काढणार? सदर बाजारातल्या खाटकाकडून मटणाचे छिछडे आणले. रद्दीत गुंडाळून सायकलच्या पिशवीत भाजीखाली. आमच्या सात पिढ्यांत असं ओझं कोणी वाहिलं नसेल. कुंपणाबाहेर टाकले. तुकडे खाली पडायच्या आत तो तिथे होता. कुठून आला ते दिसलंच नाही.


गुरुवार, २ डिसेंबर

मेजर आता कुंपणाच्या आत येतो. तारेखालची माती उकरून वाट केली आहे त्याने.

आज हुकूम देऊन पाहिला. ताठ उभा राहिलो आणि साहेबी आवाजात म्हटलं, "सिट!" आणि काय सांगू, खरंच बसला! म्हणजे अगदी बसला नाही, पण पुढचे पाय लांब करून जमिनीला टेकला, मागचं अंग आखडून घेतलं, हनुवटी पार खाली, कान पुढे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर माझ्या मागे, ओट्याच्या पायरीवर विनू बाहुलीला आंघोळ घालत होती तिकडे. पण हुकूम पाळला हे महत्त्वाचं. कुंदाला हाक मारली, तर तिच्या पावलांचा आवाज ऐकून उठून गेला.

विनू: सगळं खाल्लं. वर दही मागितलं.


रविवार, ५ डिसेंबर

आमच्या रांगेत चार-पाच बेवारशी कुत्री होती. कारखान्याच्या भोंग्याबरोबर सूर लावायची आणि त्यांच्यावर रोज शिव्यांचा पाऊस पडायचा. गेले काही दिवस भोंगा एकटाच वाजतो. बहुतेक कारखान्यातल्यांनी पकडून नेली असावीत. बरं झालं, विनूची दुपारची झोप मोडत नाही. पण इतकी शांतता कानाला बरी वाटत नाही, हेही खरं.


मंगळवार, ७ डिसेंबर

मेजरचा धनी सापडला तर कुत्रा त्याला परत द्यावा लागेल ही धाकधूक होती, तरी बेइमानी नको म्हणून कारखान्यातल्या मोठ्या बाबूंमार्फत छावणीत निरोप पाठवला होता. आज दुपारी एक तरुण गोरा कॅप्टन जीप घेऊन आला. बरोबर त्याचा स्वतःचा अल्सेशियन. हरवलेल्या कुत्र्याला दुसरा कुत्रा लवकर शोधतो म्हणे.

शोधतो कसला! जीपमधून उतरेचना. साहेबाने साखळीला हिसडा देऊन उतरवला, तर मागच्या नळापर्यंत आला, जमीन हुंगली, आणि तिथेच पोट टेकून मुतला. अंगावरचे केस उभे. नंतर असा केविलवाणा रडायला लागला की विनूने कानांवर हात ठेवले. साहेब साखळी ओढतोय आणि एवढं मोठं धूड जीपखाली शिरतंय.

साहेब झाडीकडे बघत उभा राहिला. मग तारेखालच्या वाटेकडे पाहिलं. मला विचारलं, "बच्चा किधर सोता है?"

म्हटलं, "अंदर, साहब."

"दरवाज़ा बंद रखना. समझा? हमेशा बंद."

चहा न घेताच गेला. आपल्या घरचा चहा त्यांना चालत नसेल. मी कुंदाला म्हटलं, साहेबाचा कुत्रा असा भित्रा, हे लढाई जिंकणार कशी? ती हसली नाही. म्हणाली, "अहो, तो काहून रडत होता?"

एक मात्र लिहून ठेवतो. साहेबाच्या कुत्र्याचे डोळे तपकिरी, माणसासारखे. मेजरचे पिवळे आहेत. एकाच जातीत रंगाचा फरक असतोच.


शनिवार, ११ डिसेंबर. दत्तजयंती

कुंदाने सात दिवस पोथी वाचली होती. आज समाप्ती, आणि दत्तजन्म संध्याकाळचा. पाळणा झाला, सुंठवडा झाला. विनूने सुंठवडा दोनदा मागून खाल्ला. आरती घेऊन आम्ही मागच्या ओट्यावर आलो, मेजरचा नैवेद्य ठेवायला. समोर पळसांमागून चंद्र वर येत होता, अजून पुरता अंधार नव्हता.

मेजर कुंपणाच्या आत उभा होता. झाडीच्या कडेला आणखी एक. त्याच्या डावीकडे एक. आणि चौथा नाल्याच्या तोंडाशी, नुसतं डोकं दिसत होतं.

कुंदाने एकेकाकडे बघत मोजले. "चार," ती म्हणाली. "अहो, चारही आले."

दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, चार वेद. एरवी मी म्हटलं असतं की यातला ऋग्वेद कोणता ते विचारून घे. आज मी बाजूला होऊन तिला जागा दिली. कुंदाने पदर डोक्यावर घेतला आणि त्यांना आरती ओवाळली. ज्योत हलली की आठ डोळे चमकायचे. कापराच्या ज्योतीला न घाबरणारं जनावर मी पाहिलेलं नाही. विनूने हात जोडले. आरतीभर त्यांच्यातला एकही जागचा हलला नाही, आणि बघत होते ते तबकाकडे नव्हते. मला वाटतं विनूच्या पिवळ्या परकराकडे बघत असावेत.

अंगावर काटा आला. भक्तीने येतो तसाच असावा, मला अनुभव नाही.


शुक्रवार, २४ डिसेंबर

डॉक्टर खूष. विनूचं वजन वाढलं, डोक्यावर मऊ लव आली. "काय जादू केलीत?" मी म्हटलं, मेजरला विचारा.

मेजर आता हातून खातो. मी विनूला शिकवलं, पंजा अगदी सपाट ठेवायचा, बोटं वर करायची नाहीत, आणि म्हणायचं, "मेजर, ये." त्याने मान लांबवून पुढच्या दातांनी घास उचलला, इतका अलगद की मी वाहवा म्हणालो. मग त्याने तिचा पंजा हुंगला. मग मनगट. मग कोपरापर्यंत नाक नेलं. विनू गुदगुल्यांनी हसत होती. माझी छाती अभिमानाने फुगली होती आणि हाताने मात्र मी तिचा परकर मागून घट्ट धरला होता. दोन्ही एकाच वेळी.

अंगणात खेळताना विनूचा दुबळा पाय मुडपला आणि ती पडली, तेव्हा तो दोन उड्यांत तिच्याजवळ होता. मी मध्ये गेलो तेव्हा थांबला. कुंदा म्हणाली, "पाहिलं? उचलायला धावला लेकराला."


रविवार, २ जानेवारी १९४४

सकाळी कुंदाने दाखवलं. विनूच्या खोलीच्या खिडकीखाली मातीत पावलंच पावलं. खिडकीच्या चौकटीचं लाकूड खालून ओरबाडलेलं. मागच्या दाराच्या फटीशी ओलसर डाग, नाक लावून बसल्यासारखा.

"राखण करून राहिला," कुंदा म्हणाली. पण तिने हे विचारल्यासारखं म्हटलं.

शेजारचे विष्णू तिवारी माझ्याच विभागात फिटर आहेत. त्यांच्या शेळीची दोन पिल्लं गेली. आज कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "भाईसाहब, ये आप जो पाल रहे हैं, ये पालने की चीज़ नहीं है."

"आपने देखा उसको बकरी ले जाते?"

"देखा होता तो आपसे थोड़े पूछता. घर में मेरे भी बच्चे हैं, भैया. बंद कीजिए ये सब."

मी रागावलो. माझ्या पोरीच्या ताटाशी तिवारींच्या शेळीचा काय संबंध? पण मनातली गोष्ट इथे तरी लिहावी. मेजर मला ओळखतो असं मला कधी वाटलेलं नाही. दीड महिना खाऊ घालतोय. कुत्रं चार दिवसांत सायकलची घंटा ओळखायला लागतं. हा माझ्याकडे बघतो तो, मी बाजूला होतो की नाही तेवढंच बघतो.


मंगळवार, ४ जानेवारी

ठरवलं, बंद करून पाहू. दार लावून विनूला आत जेवायला बसवलं. तिने तोंड मिटलं. "मेजरचा घास आधी." कुंदाने समजावलं, मी रागावलो, शेवटी पाठीत धपाटा घातला. त्याची आता लाज वाटते. रडली, पण तोंड उघडलं नाही. दिवसभरात दूध दोन घोट. पुन्हा तेच दोन घोट.

तिकडे मेजर. हाका मारल्या नाहीत, घास टाकला नाही. त्याने नेहमीच्या जागी वाट पाहिली आणि मग सावकाश ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहिला. इतक्या जवळ कधी आला नव्हता. दाराच्या फटीतून मी बघत होतो. तो दाराकडे बघत होता. रुसलेला कुत्रा कुईकुई करतो, दार खरवडतो. हा नुसता उभा होता.


बुधवार, ५ जानेवारी

पुन्हा सुरू केलं. विनू जेवली. मी काय करणार होतो? कोणी मला सांगावं, पोरीला उपाशी मारू?

तिवारी आज माझ्याशी बोलले नाहीत.


सोमवार, १७ जानेवारी

गेले तीन दिवस लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहितो, कारण डॉक्टर म्हणाले मुलगी वाचेल.

शुक्रवारी संक्रांत होती. मागणीचा जोर असल्यामुळे सणालाही सुटी नव्हती, पण भोंगा होताच निघालो. घरी हळदीकुंकू. पुढच्या खोलीत बायका, दारं सताड उघडी. विनूने काळा परकर घातला होता. कुंदाने तिला तिळगूळ वाटायला दिला. बायकांना देऊन झाला, आणि मग, नंतर कुंदाला आठवलं, ती म्हणाली होती, "मेजरला राहिला." घाईत कोणी ऐकलं नाही.

मी सायकल वळवून मागच्या बाजूने आलो तेव्हा सूर्य बुडायचा होता. आधी मला ते दृश्य छानच वाटलं, हे मी कबूल करतो. विनू आणि मेजर शेजारी शेजारी चालले होते. झाडीकडे. तिचा डावा दंड त्याच्या तोंडात होता. तो ओढत नव्हता, नेत होता, आणि ती पाय ओढत त्याच्याबरोबर चालत होती. रडत नव्हती. उजव्या मुठीत तिळगूळ. तारेखालची वाट दोन हातांवर राहिली होती आणि पलीकडे बाकीचे तिघे खाली बसून वाट बघत होते.

मी ओरडलो, "मेजर! सिट!"

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला कळलं. तो शब्द त्याचा नव्हता. ते नावही त्याचं नव्हतं. दोन महिने मी माझ्याशीच बोलत होतो. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

मग विनूचा पाय मुडपला, ती पडली, आणि त्याने मान झटकली. ती किंचाळली. मी सायकलसकट त्याच्या अंगावर गेलो. कुंदा कुठून आली माहीत नाही, तिच्या हातात हळदीकुंकवाचं पितळी तबक होतं आणि ती ते त्याच्या डोक्यात घालत होती, घालत होती. त्याने दंड सोडला तो दुखलं म्हणून नाही. हिशेब जमेना म्हणून सोडल्यासारखा सोडला. कुंपणाखालून गेला आणि पलीकडे जाऊन वळून उभा राहिला. तिवारी कुऱ्हाड घेऊन येईपर्यंत चौघेही तिथेच होते.

तिवारींनीच विनूला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत नेलं. एका शब्दानेही मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.


शनिवार, २२ जानेवारी

जखम खोल आहे, हाड शाबूत. पोटात रोज सुई. सुई टोचताना मी तिचे पाय धरतो आणि ती मला शिव्या देते, हिंदीतून, तिवारींच्या मुलांकडून शिकलेल्या.

पहारेकऱ्यांनी बंदुका घेऊन नाला आणि झाडी पालथी घातली. नाल्याच्या काठी कपारीत हाडं मिळाली. कुत्र्यांची, शेळ्यांची. आमच्या मागच्या ओट्यापासून फार लांब नाही. लांडग्यांचं नखही दृष्टीस पडलं नाही. आता मी लांडगा हा शब्द लिहू शकतो.

कुंदा देवासमोर बसते पण पोथी उघडत नाही. काल म्हणाली, "मी आरती ओवाळली हो त्यांना. माझ्या हाताने." मी म्हटलं, आणि मी मटण आणलं. तिला ते तेव्हाच कळलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघंही रडलो.

विनू जेवते. भूक उघडली आहे आता, कोणाचा घास लागत नाही. आज भात कालवता कालवता तिने विचारलं, "बाबा, मेजर मला कुठे नेत होता?"

मी तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. म्हटलं, "त्याच्या घरी."

"मग तुम्ही काहून आडवे आलात?"

"तो चावला नं तुला, बेटा."

"तुम्ही ओरडलात म्हणून चावला." भाताचा गोळा तिने स्वतः तोंडात टाकला. "नाहीतर तो चांगला नेत होता."

ती घाबरलेलीच नाही. सगळी भीती आमच्याच वाट्याला आली आहे. तिच्यात तेवढी एक गोष्ट उगवलीच नाही, आणि ती मी उगवू दिली नाही.


रविवार, ३० जानेवारी

कुंदा आणि विनू आज दीक्षितपुऱ्याला चालल्या. बदली होईपर्यंत मी इथे एकटा. अच्युत टांगा घेऊन यायचा होता, कुंदा आत बोचकी बांधत होती. मी म्हटलं, गावात तरी निर्धास्त राहा. ती म्हणाली, "गावात कुत्री नाहीत का? काल दवाखान्याच्या दारात एक खाजरं कुत्रं गुरगुरत होतं, ही त्याच्या तोंडात हात घालायला निघाली. कुठवर हात धरून ठेवू मी तिचा?"

ते ऐकून मी मागे आलो, तर विनू ओट्यावर उभी. उन्हं उतरली होती. तो कुंपणाच्या आत होता.

एकटाच होता. डोक्यावर तबकाची खोक अजून ओली दिसत होती. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, जणू मध्ये काही घडलंच नाही. विनूने उजवा हात पुढे केला, पंजा सपाट, मी शिकवला होता तसा. "मेजर, ये."

मी तिला मागे ओढलं आणि दगड उचलायला वाकलो. आपल्याकडे कुठल्याही कुत्र्यासमोर नुसतं वाकायचं सोंग केलं तरी ते शेपूट घालून पळतं. मी वाकलो. तो बघत राहिला. या घराकडून काही फेकलं जातं ते खायचंच असतं, एवढंच त्याला ठाऊक. तेही आम्हीच शिकवलं होतं.

घरात घेऊन दार लावता आलं असतं. पण दार किती दिवस लावणार? मी दगड विनूच्या हातात दिला.

"मार."

"त्याला लागेल, बाबा."

"लागू दे. मार म्हटलं नं!"

ती रडायला लागली. तरी मी तिचा हात सोडला नाही. शेवटी तिने फेकला, लेचापेचा. दगड त्याच्या पुढ्यात पडला. तो मागे सरला नाही. मान खाली घालून त्याने दगड हुंगला, घास समजून, इकडून आणि तिकडून. मग आमच्याकडे बघून एक पाऊल पुढे आला.

विनू रडता रडता हसली. "बाबा, त्याला आवडला."

मी दुसरा दगड शोधला, आधीच्यापेक्षा मोठा, तो तिच्या हातात ठेवला, आणि तिची मूठ माझ्या मुठीत आवळून धरली.